दहावी पायरी

टेबलावरचं मेणकापड काढून तेता युस्टीनानं पांढरी चादर अंथरली होती आणि चादरीवर पाच बंदुका शेजारी शेजारी ठेवल्या होत्या, थंडीत लेकरांना एका पांघरुणात निजवावं तशा. एका टोकाला अक्रोडाचं सारण भरलेल्या गोड पावाच्या गुंडाळीच्या चकत्यांची बशी, दुसऱ्या टोकाला चहाची किटली. फेब्रुवारीतला मंगळवार, सकाळचे दहा. खिडकीबाहेर मॉन नदीवर धुकं होतं आणि पलीकडच्या काठावर बंद पडलेल्या पोलाद कारखान्याची धुराडी त्यात कमरेपर्यंत बुडाली होती.

"बूट पूस," तेता ड्वाइटला म्हणाली. "पायपुसणं काय शोभेला ठेवलंय?"

ड्वाइट लूमिस म्हणजे बंदुकांचा परवाना असलेला व्यापारी. दारातून आडवा होऊन आत यावं लागेल असा देह. तो निमूट मागे गेला, बूट पुसून आला.

"पुसले, बाई. आता गुंडाळी मिळेल, की हातही दाखवायचे?"

"हात दाखव."

त्यानं खरंच दाखवले.

आमच्या वॉटर स्ट्रीटवर मावशीच्या वयाच्या बाईला तेता म्हणतात. युस्टीना अठ्ठ्याहत्तरची होती, मी एकसष्टचा, पण तिच्या स्वयंपाकघरात शिरलं की मी आपोआप टोपी काढून गुडघे जुळवून बसतो. वीस वर्षं मी त्या पलीकडच्या कारखान्यात वेल्ड तपासले. कारखान्याला कुलूप लागलं तेव्हा डोळे तेवढे शाबूत राहिले, ते ह्या धंद्यात आणले. लोकांनी घरी बांधलेल्या जुन्या स्टेन बंदुकांची मी पारख करतो. युद्धातल्या त्या इंग्रजी बंदुकांचे सुटे भाग एके काळी पेटीनं मिळायचे, फक्त मधली नळी तोडलेली असायची. ज्याला हौस आणि सरकारची मंजुरी, तो नवी नळी घालून बंदूक उभी करायचा. मग शहाऐंशीच्या मे महिन्यात सरकारनं अशा बंदुकांची नोंदवही मिटली. जिची नोंद आत गेली ती कायमची आत, जी बाहेर राहिली ती कायमची बाहेर. म्हणून आज त्यांना भाव आहे. कागदावरचा क्रमांक अंगावरच्या क्रमांकाशी जुळतो का, नळी सरळ आहे का, जोड शांत हाताचा आहे की घाईतल्या हाताचा, एवढं पाहून मी दोन पानी अहवाल लिहून देतो. वही मिटण्याआधीच्या त्या दिवसांत बहुतेक हात घाईतलेच होते.

ह्या पाच मात्र नेस्टर ह्रीनकोनं बांधल्या होत्या. तेताचा नवरा. मागच्या ऑक्टोबरात गेला. कारखान्यात मला वेल्डिंगची टॉर्च धरायला त्यानंच शिकवलं होतं.

"किंमत मला सांगू नकोस," तेता म्हणाली. "ती ह्या जाड्याला सांग. मला एवढंच सांग, जोड पक्के आहेत का?"

"जाड्या ऐकतोय हं, बाई," ड्वाइट तोंडात गुंडाळी धरून म्हणाला.

"ऐकायलाच बोलले."

रविवारी तेता हे घर सोडून ओहायोला लेकीकडे जायची होती. नदीचा बांध रुंद करायचा म्हणून काठालगतच्या घरांची खालची रांग पाडणार होते. भिंतीवरची चित्रं उतरली होती आणि त्यांच्या जागी फिकट चौकोन उरले होते. फक्त खिडकीतल्या फळीवर, मिठाच्या बरणीशेजारी, एक लहान मुलाचा लाल रबरी बूट होता. डाव्या पायाचा. तो तिथे तेवीस वर्षं होता. आम्ही कुणी त्याच्याकडे बोट दाखवत नसू.

एक गोष्ट मला आधीपासून खटकत होती. नेस्टरनं आयुष्यात ससा मारला नव्हता. नाताळात हंस कापायची वेळ आली की हा नदीकाठी जाऊन बसायचा आणि तेता हातात सुरी घेऊन अंगणातून शिव्या घालायची. गल्लीतल्या क्लबात बंदुकांच्या गप्पा निघाल्या की तो पत्ते पिसत राहायचा. अशा माणसानं पाच बंदुका बांधल्या, आणि एकही कधी झाडली नाही. नळीत दिवा घालून पाहिलं. आरशासारखी कोरी.

मी पहिली उचलली. क्रमांक एम-१. बांधणारा आपल्या मनानं क्रमांक देऊ शकायचा, कुणी जन्मसाल घालायचं, कुणी बायकोची आद्याक्षरं. नेस्टरनं अक्षर ठोशानं उठवलं होतं, खोल आणि सरळ. सरकारी शिक्क्याच्या कागदाशी जुळत होतं. गंजू नये म्हणून दिलेला राखाडी थर एकसारखा. मग मी नळी आणि चापाची पेटी ह्यांच्यामधली लांब शिवण भिंगाखाली धरली.

ड्वाइटनं शीळ घातली. "बाई, तुमचा नवरा बंदुका करत होता की दागिने?"

शिवण खरंच तशी होती. माशाच्या खवल्यांवर खवले चढावेत तशा लहरी, प्रत्येक लहर मागचीच्या खांद्यावर डोकं टेकून. असा जोड मी अंगठ्याच्या नखानं वाचतो, डोळ्यांपेक्षा ते बरं. नख लहरींवरून घसरत निघालं, टिक टिक टिक, आणि मधे एक जाड लहर लागली. मग पुन्हा टिक टिक टिक, पुन्हा एक जाड लहर. तिथे शिवण संपली.

नेस्टर शिकवायचा, हात घड्याळानं चालत नाही, गाण्यानं चालतो. मुखवट्याआड एखादं गाणं धरायचं. ठेक्यागणिक एक लहर, ओळ संपली की एक श्वास. श्वासाच्या जागी लहर जाड होते. आमच्यातला कुणी चर्चमधलं भजन धरायचा, मी लग्नातल्या नाचाची पोल्का धरायचो. नेस्टरचं गाणं कोणतं ते कधी कळलं नाही. मुखवटा घातला की त्याचे ओठ दिसायचे नाहीत.

दोन श्वास, म्हणजे दोन ओळी. लहान ओळी. मी मान डोलावत होतो हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

त्याच वेळी खालून आवाज आला. धप्प. आणि जरा थांबून, धप्प.

"बॉयलर?" ड्वाइटनं विचारलं.

"बॉयलर मागच्या पडवीत आहे," तेता म्हणाली. "खाली काही नाही. तळघर बंद असतं."

तळघराचं दार स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातच होतं, हिरव्या रंगाचं. वर कडी, खाली कडी, आणि मधे ओकचा आडवा दांडा, दोन्ही बाजूंना बोल्ट मारलेला. पंच्याऐंशीच्या नोव्हेंबरातल्या पुरापासून ते उघडलं नव्हतं. मी अहवालात लिहिलं, जोड उत्तम, आणि दुसरी उचलली.

ए-२. तोच हात, तेच खवले. नख चाललं, श्वास, नख चाललं, श्वास.

धप्प. धप्प.

"रॅकून शिरलाय," ड्वाइट म्हणाला. "माझ्या बहिणीकडे शिरला होता. तीनशे डॉलर घेतले काढणाऱ्यानं, आणि जाताना रॅकूनच त्याला चावला."

तेता माझ्या कपात चहा ओतत होती आणि कप भरून बशीत सांडेपर्यंत तिच्या लक्षात आलं नाही. ती माझ्या नखाकडे पाहत होती. तिचे ओठ हलत होते.

तिसरी, आर-३. हिच्या शिवणीत एक ओळ नीट गेली आणि दुसऱ्या ओळीच्या मध्यावर नख अडलं. दोन लहरींमध्ये फट होती. कणभर. पुढे पुन्हा सगळं सुरळीत.

"हं," ड्वाइट दिवा जवळ धरून म्हणाला, "देवाचाही हात चुकतो तर. लिहून टाक, मायरन. इथे दोनशे कमी."

मी पेन उचललं होतं.

"चुकला नाही तो," तेता म्हणाली. "सहावीवर थांबायचंच असतं."

"कसली सहावी?"

तिनं चादरीची कड हातानं सारखी केली आणि हळू, चालायला लागलेल्या मुलाला म्हणतात त्या सुरात, म्हणाली,

"पहिलीवर पाय, दुसरीवर साय,
तिसरीवर पीठ, चौथीवर मीठ,
पाचवीवर लोकर, सहावीवर... ठोकर."

ते गाणं मला पाठ होतं. वॉटर स्ट्रीटवरच्या प्रत्येक मुलाला पाठ आहे. आमच्या सगळ्या घरांची तळघरं एकसारखी, दहा दहा पायऱ्यांची, आणि प्रत्येक आई दारात उभी राहून आपल्या पोराला ह्याच गाण्यावर वर चढवते. सहावीवर ती मुद्दाम थांबते. पोर एक पाय उचलून डुगडुगतं, खिदळतं. मग ती पुढचं म्हणते. मीही असाच चढलो आहे.

सातवीवर ऊन, आठवीवर धून.

मी चादरीवरच्या बंदुकांकडे पाहिलं. एम. ए. आर. उरलेल्या दोघींवर काय ठोकलेलं आहे ते वाकून पाहायची गरज नव्हती, तरी मी पाहिलं. के-४. ओ-५.

मार्को.

खालून दोनदा आवाज आला. आधीपेक्षा वरून.

ड्वाइट उठला. "फॉर्म गाडीतच राहिले वाटतं," तो म्हणाला आणि बाहेर गेला. बशीत त्यानं अर्धी गुंडाळी टाकली होती. ड्वाइटला मी अठरा वर्षं ओळखतो. हे मी पहिल्यांदा पाहिलं.

"नऊ वर्षांचा होता," तेता म्हणाली. मला ते माहीत होतं, पण ती मला सांगत नव्हती, मोठ्यानं मोजत होती. "कोबीच्या लोणच्याची बरणी आण म्हणाले त्याला. मीच. नदी अजून रस्त्यावरसुद्धा आली नव्हती. ती तळघराच्या खिडकीतून आली, एकदम, गायीसारखी घुसली. मी दारात होते. गाणं म्हणत होते. सहावीपर्यंत आला होता."

सहाव्या पायरीवर चिखलात तो बूट सापडला. मुलगा सापडला नाही. नदीत नाही, बांधात नाही, कुठेच नाही.

"शरीर नाही म्हणून कचेरीवाले त्याला मेलेला लिहीनात. शाळेनं पटावरून नाव काढलं. चर्चवाले म्हणाले, कोणती प्रार्थना म्हणायची ते आम्हाला कळत नाही. तो कुठल्याच वहीत नव्हता, मायरन. मग वसंतात क्लबात तुम्ही सगळे त्या नोंदीच्या मागे धावत होतात. नेस्टर घरी येऊन म्हणाला, युस्टीना, एक वही आहे. तीत एकदा गेलेलं नाव पुन्हा कुणी खोडत नाही."

पडवीत त्यानं टॉर्च लावली. दोन महिने तो त्या पाच शिवणींवर होता. सरकारला बंदुका हव्या होत्या म्हणून बंदुका. त्यानं त्यात मुलाला नोंदवलं, अक्षर अक्षर करून, आणि गाणं म्हणत म्हणत त्याला वर आणायला निघाला.

"पुढची घे," तेता म्हणाली.

मला घ्यायची नव्हती. पण तिचा प्रश्न जोडांबद्दल होता, आणि जोड मी आयुष्यात कधी अर्धे तपासून सोडले नाहीत. तपासणाऱ्याचा हात त्याच्या भीतीपेक्षा जुना असतो. मी चौथी उचलली.

नख चाललं.

धप्प.

ह्या वेळी मी कान देऊन ऐकलं. लाकडी जिना ऐकताही येतो. माणूस चढतो तेव्हा फळी एकदा डावीकडून करकरते, एकदा उजवीकडून. इथे तसं नव्हतं. सातवी डावीकडून करकरली. आठवीही डावीकडून करकरली. मी ते नोंदलं, जशी मी कुठलीही खोट नोंदतो, आणि त्याचा अर्थ लावायला गेलो नाही.

स्वयंपाकघरात वास आला. पुराच्या दुसऱ्या दिवशी येतो तो, गाळाचा आणि रॉकेलचा आणि कुजलेल्या बटाट्यांचा. खिडकीची काच आतून धुरकटली.

"इथवर त्यानं आणला," तेता म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर रंग चढला होता. ती तरुण दिसत होती, आणि मला त्याचीच सगळ्यात भीती वाटली.

पाचवी बंदूक मी उचलली नाही. तिनं ती माझ्यासमोर ठेवली, माझा अंगठा हातात घेतला आणि शिवणीवर टेकवला. तिचा हात गरम होता.

नववीवर जाय.

धप्प.

मग जाड लहर, श्वासाची. मग पुन्हा लहरी, एक, दोन, तीन, चार... आणि नख खळग्यात पडलं. शेवटची लहर नव्हती. टॉर्च तिथेच उचलली गेली होती. त्या खळग्याच्या कडा अजून धारदार होत्या, जणू मागच्या घटकेला कुणी हात मागे घेतला असावा.

दारामागे काहीच आवाज नव्हता.

नाही, होता. ओले कपडे अंगावर असताना माणूस उभा राहिला की खाली पाणी गळतं. तसा.

"मेचा सतरावा दिवस होता," तेता कुजबुजली. "मी पडवीच्या दारात होते. एक लहर राहिली होती आणि नेस्टर थांबला. मुखवटा वर केला. आत आला, ह्या दाराला कान लावला. किती वेळ लावला. मग परत गेला, टॉर्च विझवली, आणि दांडा घेऊन आला. काय ऐकलं ते मला कधी सांगितलं नाही. बावीस वर्षं विचारलं. शेवटी दवाखान्यात म्हणाला, ती लहर भरू देऊ नकोस. बस्स. पुढे भिंतीकडे तोंड केलं."

हिरव्या दाराखालून पाण्याची एक जीभ बाहेर आली. बोटभर. टाइल्सच्या फटीतून सरकत टेबलाकडे निघाली.

"भर," ती म्हणाली.

"तेता."

"पडवीत टॉर्च आहे. तुझा हात त्याच्याकडूनच आलाय. एक लहर. रविवारी मी जाणार, सोमवारी हे घर पाडतील, मग तो कुठे येईल? एक, मायरन."

"जोड पक्का आहे," मी म्हणालो. "आहे तसाच पक्का आहे. तेवढं पुरे."

"पुरे कुणाला?"

माझा अंगठा खळग्यावरच होता.

"मी पाठवला त्याला खाली," ती म्हणाली. "मी."

पाणी टेबलाच्या पायापर्यंत आलं.

मी अंगठा उचलला.

पुढचं दार धाडकन उघडलं. ड्वाइट फॉर्मचा गठ्ठा छातीशी धरून आत आला. त्याच्यासोबत बाहेरची कोरडी थंडी आली, डिझेलचा वास आला. "बूट पुसलेत," तो दारातूनच ओरडला, "आधीच सांगतो!"

खाली पाहिलं तर टाइल्स कोरड्या होत्या. टेबलाच्या पायाशी नखाएवढा गाळ तेवढा होता. तो तेतानं एप्रनच्या टोकानं टिपून घेतला, आणि ते टोक मुठीत धरून ठेवलं.

अर्ध्या तासात सह्या झाल्या. ड्वाइटनं पाचही बंदुका पेटीत ठेवल्या आणि नेल्या. मी निघताना तेता उंबऱ्यावर आली. डोळे कोरडे होते.

"तो घाबरला," ती म्हणाली. "तूही घाबरलास. मी आई आहे रे. मला कशाची भीती घालता?"

त्याच दुपारी मी अहवाल लिहून काढला. घरी सगळे दिवे लावले होते. मी विचार न करता भरभर लिहीत गेलो, जसं कारखान्यात पाळी संपताना लिहायचो. नळी सरळ. कागद जुळतात. थर मूळचा. शिवण अव्वल हाताची. पाचही ओळीनं संपवले, लिफाफा बंद केला, टपालपेटीत टाकला. मग दोन दिवस तळघराचं दार असलेल्या माझ्या स्वतःच्या स्वयंपाकघरात मी पाऊल टाकलं नाही, क्लबात जेवलो.

रविवारी तेता गेली. सोमवारी मी बांधावर उभा राहून पाहिलं. यंत्राच्या एका फटक्यात तिचं घर बसलं. तळघरात ट्रकच्या ट्रक दगड ओतले, वरून रोलर फिरवला. चालक भोंगा वाजवून मला बाजूला हो म्हणाला, तेव्हा मी निघालो. त्या रात्री मला झोप लागली.

तीन आठवड्यांनी ड्वाइटचा फोन आला.

"मायरन, गड्या, बाईंना आनंदाची बातमी सांग. गिऱ्हाईक मिळालं, पाची एकत्र नेतोय. त्या शेवटचीवर जरा कुरकुरत होता, मग मी म्हटलं, आमच्या परीक्षकानं लिहिलंय तसं करून देतो. माझ्या माणसानं काल भरली. काय सफाई! कुठे जोडलंय सांगता येणार नाही."

"काय लिहिलंय मी?"

"काय म्हणजे? समोर आहे कागद. तुझंच अक्षर." तो वाचू लागला. "शिवणीच्या शेवटी एक लहर अपुरी. भरून घ्यावी."

वीस वर्षं मी हे वाक्य लिहिलं. जिथे जिथे खळगा दिसला तिथे तिथे. तोंडानं मी तिला नाही म्हणालो होतो, आणि त्याच दुपारी माझ्या हातानं मला न विचारता हो लिहून दिलं होतं. वेल्ड तपासणारा माणूस उघडी शिवण पास करू शकत नाही. त्याला ते येतच नाही.

"किती वाजता?" मी विचारलं.

"काय किती वाजता?"

"भरली ती."

"अकरा वाजले असतील. का रे? मुहूर्त बघायचा होता का?"

मी ओहायोचा नंबर फिरवला. फिरवताना स्वतःला समजावत होतो. तळघर दगडांनी भरलंय. जिनाच नाही, तर पायऱ्या कुठल्या?

डारियानं उचलला. मार्कोची मोठी बहीण. पुराच्या वेळी तेरा वर्षांची होती, आता चाळिशीकडे झुकली असेल, पण आवाज तसाच, वरच्या पट्टीतला.

"मायरनकाका! आत्ता आईला सांगणारच होते, तुम्हाला फोन करू म्हणून. अहो, केवढी खूश आहे! इथे आल्यापासून तोंड उघडत नव्हती, नुसती खिडकीशी. आणि काल सकाळी अकराच्या सुमाराला एकाएकी उठली, खोलीच्या दाराशी गेली, काहीतरी गुणगुणली, आणि तेव्हापासून हसतेय. जेवायला दोन ताटं मागते. मी म्हटलं, घे बाई दोन."

"तुमच्याकडे जिना आहे का?"

"जिना? नाही हो. एकच मजला. तळघरसुद्धा नाही. मुद्दाम असंच घर शोधलं, आईच्या गुडघ्यांसाठी. का?"

मला आठवलं, गाण्यात दहावी पायरी कुठल्या घराची ते सांगितलेलं नाही. दहावीवर माय, एवढंच आहे.

"तेताला द्या फोन," मी म्हणालो.

"खोली आतून लावून घेतलीय. झोपली असेल. थोडा ओलावा येतोय तिच्या खोलीत, प्लंबरला बोलावलंय." ती थांबली. "काका, एक विचारू? मार्कोचा तो बूट आहे ना, लाल. आईनं तो इथे खिडकीत ठेवलाय. सकाळी बघते तर शेजारी दुसरा. अगदी तसाच. कुठल्या जुन्या बाजारातून आणला असेल? ती तर घराबाहेरही पडली नाही. आणि तो दुसरा ओलाच राहतो. पुसला तरी ओला."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आणि गंमत म्हणजे," डारिया म्हणाली, पण गंमत वाटल्यासारखा आवाज तिचा नव्हता, "दोन्ही डावेच आहेत."